मे महिन्यात आश्वेच्या लाटा: पहिला आठवडा की तिसरा?

अनुजा_पुणे

नमस्कार. मे महिन्याच्या सुट्टीत मी, माझे यजमान आणि आमची चौदा वर्षांची मुलगी असे तिघे उत्तर गोव्यात आश्वेच्या किनाऱ्यावर सर्फिंग शिकायला जाण्याचा विचार करीत आहोत. तिघांनाही पोहता येते, परंतु ते तलावातले पोहणे आहे. समुद्रात आम्ही गुडघाभर पाण्यापलीकडे कधी गेलेलो नाही. तारखांचे दोन पर्याय समोर आहेत. एक मेचा पहिला आठवडा आणि दुसरा १८ तारखेच्या पुढचा. दुसऱ्या पर्यायात यजमानांना रजा सहज मिळेल आणि राहण्याचे दरही उतरलेले असतील, म्हणून मन तिकडे ओढ घेत आहे.

मोबाइलवरच्या लाटांच्या ॲपमध्ये सध्या उंची एक मीटरच्या आसपास दिसते. एक मीटर म्हणजे कमरेइतके पाणी, असे समजून निर्धास्त राहावे का? आणि नवशिक्यांसाठी कोणता आठवडा बरा? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

दर्याकाठ

अनुजाताई, तारखांचे आधी सांगतो. पहिला आठवडा घ्या. रजा मिळवण्यासाठी थोडी खटपट करावी लागली तरी ती करा.

मेच्या उत्तरार्धात अरबी समुद्राचा भरवसा धरता येत नाही. पाऊस गोव्यात सर्वसाधारणपणे जूनच्या पहिल्या आठवड्यात पोहोचतो हे खरे, पण समुद्र त्याआधीच बदलू लागतो. २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ १६ मे रोजी गोव्याच्या किनाऱ्याजवळून उत्तरेकडे सरकले आणि दुसऱ्या दिवशी गुजरातेत धडकले. २०२५ मध्ये २४ मे रोजी कमी दाबाचे क्षेत्र कोकण किनाऱ्यावर रत्नागिरीजवळ आले, आणि लगोलग मोसमी पाऊस गोवा व तळकोकणात पसरून २६ मे रोजी मुंबईतही दाखल झाला. असे दरवर्षी होत नाही, परंतु १८ ते २३ मे या तारखा महिनाभर आधी पैसे भरून ठरवायच्या तर ही जोखीम तुम्ही अंगावर घेत आहात हे लक्षात असू द्यावे. चक्रीवादळ किनाऱ्याला स्पर्श न करता शेकडो किलोमीटर दूरून गेले तरी त्याच्या लाटा किनाऱ्यापर्यंत येतात आणि पाण्यात उतरणे बंद होते.

आता तुमचा दुसरा प्रश्न, जो मला पहिल्यापेक्षा अधिक महत्त्वाचा वाटतो. एक मीटर पाहून निर्धास्त राहू नका. ॲपमध्ये उंचीच्या शेजारीच सेकंदांत एक आकडा लिहिलेला असतो, तो आधी वाचा. एका लाटेचा माथा गेल्यापासून दुसरीचा माथा येईपर्यंतचा तो वेळ आहे. मेमध्ये आश्वेला दोन तऱ्हेच्या लाटा येतात. एक आपल्याच समुद्रावरच्या वायव्य वाऱ्याने उठवलेल्या, पाच-सहा सेकंदांच्या, आखूड आणि विस्कटलेल्या. दुसऱ्या दक्षिण महासागरात, म्हणजे विषुववृत्ताच्या पार खाली ४० ते ५० अक्षांशांवरच्या वादळांत जन्मलेल्या. त्यांना सर्फर मंडळी स्वेल म्हणतात. सोळा सेकंदांचा स्वेल दिवसाकाठी हजार किलोमीटरहून थोडे अधिक अंतर कापतो, म्हणून तिकडचे वादळ इकडे सहा-सात दिवसांनी जाणवते, आणि तेव्हा गोव्यात आभाळ स्वच्छ असते, वारा पडलेला असतो, समुद्र वरवर निवांत दिसतो.

खोल समुद्रात सहा सेकंदांच्या लाटेची लांबी सुमारे ५६ मीटर असते, तर सोळा सेकंदांच्या लाटेची सुमारे ४०० मीटर. लांब लाटेला तळ फार आधीपासून लागतो, ती संथ होत होत उंचावते आणि सोबत आणलेली सगळी ताकद किनाऱ्यावर ओतते. खोल पाण्यात दोन्ही लाटा एक मीटरच्याच असल्या तरी आखूड लाट फुटताना साधारण सव्वा मीटर होईल आणि लांब लाट दोन मीटरच्या जवळ जाईल. शिवाय ॲपमधली उंची ही सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते. तिच्याहून बऱ्याच मोठ्या लाटा अधूनमधून येणारच.

माझा आडाखा असा, की एक मीटर आणि सात-आठ सेकंद असेल तर नवशिक्याने प्रशिक्षकासोबत आनंदाने उतरावे. एक मीटर आणि चौदा सेकंदांच्या पुढे असेल तर त्या दिवशी किनाऱ्यावर बसून पाहावे, किंवा प्रशिक्षक सांगेल तेवढ्याच फेसाळ, उथळ पाण्यात फळीवर उभे राहण्याचा सराव करावा.

हैदराबादचे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, म्हणजे इंकॉइस, स्वेलचे आणि उंच लाटांचे इशारे स्वतंत्रपणे देते. ते रोज पाहावेत. मे २०२४ च्या पहिल्या आठवड्यात त्यांनी केरळ व दक्षिण तमिळनाडूच्या किनाऱ्यासाठी असाच इशारा दिला होता, आणि ६ मे रोजी कन्याकुमारी जिल्ह्यात वैद्यकीय शाखेचे पाच विद्यार्थी लाटांनी ओढून नेले. तेव्हा पहिला आठवडा निवडला म्हणजे इशारा पाहायची गरज सरली, असे मुळीच नाही.

निळी_फळी

दर्याकाठ यांच्या मताशी पूर्णपणे सहमत नाही. मेच्या अखेरीस पश्चिम किनाऱ्यावर वर्षातल्या उत्तम लाटा मिळतात, म्हणूनच तर इंडियन ओपन ऑफ सर्फिंग ही स्पर्धा मंगळूरजवळ गेली काही वर्षे मेच्या शेवटी किंवा जूनच्या आरंभी भरवली जाते. जानेवारी-फेब्रुवारीत आश्वेला कित्येक दिवस पाणी इतके सपाट असते की फळी घेऊन नुसते तरंगत बसावे लागते. शिकायचे तर लाट हवी.

दर्याकाठ

निळी_फळी, तुमचे म्हणणे स्पर्धकांच्या दृष्टीने बरोबर आहे आणि त्यांच्यासाठी मीही तेच सांगितले असते. पण ज्यांचे पोहणे तलावातले आहे त्यांना ती उत्तम लाट उपयोगाची नाही. त्यांना मांडीपर्यंतच्या पाण्यात, फुटून गेलेल्या लाटेच्या पांढऱ्या फेसावर फळी सरळ ठेवता आली आणि दोन्ही पायांवर उभे राहता आले, तरी सुट्टी सार्थकी लागली असे मी म्हणेन. तेवढी लाट मेच्या पहिल्या आठवड्यात बहुधा मिळते.

मालवणी_होडी

लाटांविषयी वर उत्तम माहिती आली आहे, म्हणून मी वारा आणि भरतीपुरते लिहितो.

सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे असतात आणि ते लाटेचा चेहरा गुळगुळीत ठेवतात. मे महिन्यात ते हिवाळ्याइतके खणखणीत नसतात, तरी नऊ-साडेनऊपर्यंत पाणी बरेच शांत राहते. त्यानंतर खारे वारे सुरू होतात, दुपारी तीन-चारच्या सुमारास त्यांचा जोर सर्वाधिक असतो आणि सगळा समुद्र पांढऱ्या ठिपक्यांनी भरून जातो. शिकवणीची वेळ दुपारची देत असतील तर ती नाकारा आणि सकाळचीच मागून घ्या. पैसे तेवढेच, पण शिकणे दुप्पट होते.

भरतीसाठी आमच्याकडचा जुना हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करावी, की पूर्ण भरतीचा तास मिळतो. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकरा. हा हिशेब मुंबईच्या बाजूला अधिक जुळतो. गोव्यात भरती त्याच्या काहीशी आधी येते, म्हणून नेमक्या वेळेसाठी मुरगाव बंदराचे भरती-ओहोटीचे कोष्टक पाहावे. परंतु पुण्यात बसून तारखा निवडताना पंचांग पुरेसे आहे. अष्टमीच्या आसपास भांगाचे दिवस असतात, पाण्याची चढउतार कमी असते आणि लाट सकाळभर जवळजवळ एकाच जागी फुटते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, म्हणजे उधाणाच्या दिवसांत, गोव्यात पाणी दोन मीटरच्या आसपास चढते-उतरते. त्यामुळे सात वाजता वाळूच्या दांड्यावर छान फुटणारी लाट दहा वाजता थेट किनाऱ्याच्या उतारावर आपटू लागते. अशा आपटणाऱ्या लाटेत नवशिक्याचे खांदे आणि मान दुखावतात.

तेव्हा माझी शिफारस भांगाच्या दिवसांची आहे.

निळी_फळी

येथे थोडी भर घालतो. भांगाच्या दिवसांत सकाळी भरती नुकतीच होऊन गेलेली असते, म्हणजे पाणी उतरते असते, आणि उतरत्या पाण्यात समुद्राकडची ओढ वाढते. उधाणाच्या दिवसांत सकाळी पाणी चढते असते आणि ते फळीला किनाऱ्याकडे आणण्यास मदत करते. सहा ते साडेआठ एवढाच वेळ घ्यायचा असेल तर मला उधाणाची सकाळ आवडते.

मालवणी_होडी

आपला मुद्दा योग्य आहे. साडेआठला पाण्याबाहेर येण्याची शिस्त असेल तर उधाणाची सकाळही चालेल. मात्र मुलांना मजा येऊ लागली की ती शिस्त टिकत नाही, असा माझा अनुभव आहे, म्हणून भांगाचे दिवस सुचवले. दिवस कोणतेही निवडले तरी ओढ ओळखता आली पाहिजे.

अनुजा_पुणे

सर्वांचे मनःपूर्वक आभार. यजमानांशी बोलले, रजेचे जुळवून पहिला आठवडाच घेऊ. आता दोन शंका उरल्या आहेत. पहिली, ओढ किनाऱ्यावरून ओळखायची कशी? आणि दुसरी, सकाळी सहा वाजता वारा चांगला, पण त्या वेळी जीवरक्षक नसतील, मग काय करावे?

दर्याकाठ

ताई, दुसऱ्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण तिचे उत्तर थोडक्यात आहे. गोव्याच्या किनाऱ्यांवर २००८ पासून दृष्टी या संस्थेचे जीवरक्षक नेमलेले आहेत. ते कामावर येईपर्यंत तुम्ही तिघांनी वाळूत वॉर्मअप करावा, फळीवर उठण्याचा सराव करावा आणि समुद्र पाहावा. शांत लाटांचा तेवढा वेळ गेला तरी चालेल. लाल बावटा असेल तिथे उतरायचेच नाही. लाल-पिवळ्या बावट्यांमधला पट्टा पोहणाऱ्यांसाठी असतो, तिथे फळी घेऊन जाऊ नये. शिकवणीची जागा त्याला लागून, जीवरक्षकाच्या नजरेच्या टप्प्यात असावी.

ओढ ओळखण्यासाठी पाण्याच्या पातळीवरून नव्हे, तर वाळूच्या उंचवट्यावर किंवा एखाद्या शॅकच्या पायऱ्यांवर उभे राहून पाहा. लाटा सगळीकडे पांढऱ्या फुटत असताना मध्येच एखादा पट्टा असा दिसेल की जिथे लाट फुटत नाही. तिथले पाणी गडद, किंवा वाळू ढवळल्याने मातकट दिसते, पृष्ठभागावर बारीक खळबळ असते आणि फेसाचे पुंजके किनाऱ्याकडे येण्याऐवजी आत समुद्राकडे सरकत असतात. नवख्या माणसाला हाच पट्टा सर्वांत शांत वाटतो आणि तो नेमका तिथेच उतरतो. लाटांनी किनाऱ्यावर आणलेले पाणी त्याच वाटेने परत जात असते. एखादा नारळाचा तुकडा किंवा काटकी तरंगताना दिसली तर तिच्यावर नजर ठेवा. ती कुठे जाते त्यावरून पाण्याची वाट कळते.

पाहण्याचा वेळ किमान वीस मिनिटे असावा. लांब पल्ल्याच्या लाटा गटाने येतात. दहा-बारा मिनिटे काही नसते, लहान मुलेही पाण्यात खेळू लागतात, आणि मग क्षितिजावर एकामागोमाग काळसर रेषा उठून चार-पाच मोठ्या लाटा येतात. पाच मिनिटे पाहून उतरणाऱ्याला त्या गटाचा पत्ताच नसतो.

चुकून ओढीत सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झगडू नका. फळी सोडू नका, तिच्यावर पालथे पडून राहा, हात उंचावून जीवरक्षकाला खूण करा आणि दम असेल तर किनाऱ्याला समांतर, जिथे पांढरा फेस दिसतो त्या बाजूला हात मारा. मुलीला हे गोव्यात पोहोचण्याआधी घरीच दोन-तीनदा समजावून सांगावे, कारण घाबरलेल्या अवस्थेत ऐकलेली सूचना डोक्यात शिरत नाही.

जागेविषयी एवढेच की दक्षिणेकडे मोरजीच्या टोकाला, जिथे शापोरा नदी समुद्राला मिळते, तिकडे फळी घेऊन जाऊ नका. नदीमुखाशी पाण्याचा जोर फार असतो, आणि तो किनारा ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीचाही आहे. आश्वे आणि मांद्रेच्या दरम्यान लहान ओहोळ समुद्राला मिळतात, त्यांच्या तोंडापासूनही दूर राहावे. किनाऱ्यावर काही ठिकाणी खडक आहेत, जे भरतीत झाकले जातात. ओहोटीच्या वेळी एक फेरी मारून ते कुठे आहेत हे पाहून ठेवा.

निळी_फळी

साहित्याविषयी थोडेसे. तिघांनाही मऊ पृष्ठभागाच्या लांब फळ्याच मागा. आठ फुटांपेक्षा आखूड फळी दिली तर बदलून घ्या. पाणी मेमध्ये तीस अंशांच्या आसपास असते, त्यामुळे थंडीसाठी जाड पोशाख लागत नाही, पण पूर्ण बाह्यांचा घट्ट टी-शर्ट हवाच, नाहीतर फळीवर घासून छाती-पोट सोलवटते आणि उन्हाने मान भाजते.

अनुजा_पुणे

फार उपयोगी माहिती मिळाली. शेवटचा प्रश्न: आम्ही पोहोचल्यावर इशारा लागला, तर भरलेले पैसे जातील का?

मालवणी_होडी

ते प्रत्येक प्रशिक्षण केंद्राच्या नियमांवर आहे, म्हणून आरक्षण करण्याआधीच लेखी विचारून घ्या की हवामान खात्याचा किंवा इंकॉइसचा इशारा असल्यास वर्ग पुढे ढकलतात, की पैसे परत देतात. त्याच वेळी हेही विचारा, की एका प्रशिक्षकाकडे किती शिकाऊ असतात आणि वर्ग रद्द करण्याचा निर्णय कोण घेतो. या प्रश्नाला जो प्रशिक्षक न चिडता, नीट उत्तर देतो आणि "त्या दिवशी आम्ही पाण्यात नेणार नाही" असे स्वतःहून म्हणतो, त्याच्याकडे नाव नोंदवा. तुम्ही पाच दिवस राहणार असाल तर वर्ग सलग तीन दिवसांचेच ठरवा आणि दोन दिवस मोकळे ठेवा, म्हणजे एखादी सकाळ वाया गेली तरी ती पुढे भरून काढता येईल.