न्यूनगंड आधी की नैराश्य आधी?

कडूकारले: ‘स्वतःवर प्रेम करा, नैराश्य जवळ फिरकणार नाही’ हे ऐकून कान किटले असतील, तरी मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. सोविस्लो आणि ऑर्थ या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ साली ७७ दीर्घकालीन अभ्यास एकत्र तपासले. स्वतःला कमी लेखणाऱ्यांमध्ये पुढे नैराश्याची लक्षणं वाढलेली दिसली. नैराश्यामुळे पुढे आत्मसन्मान खालावतो, हा उलट परिणाम साधारण निम्माच निघाला. म्हणजे न्यूनगंड हा आजाराने मागे ठेवलेला नुसता व्रण नाही. तो आधीपासूनच घात करतो. मग लहानपणापासूनच मुलांचा आत्मसन्मान का जपू नये?

रात्रपाळी: ‘निम्मा’ म्हटलं की भारी वाटतं. मूळ आकडे सांगा ना! न्यूनगंडाचा नैराश्यावर परिणाम ०.१६ आणि उलट दिशेने ०.०८; शून्य म्हणजे काहीच परिणाम नाही, एकाच्या जवळ म्हणजे फार मोठा. दोन्ही किरकोळ. शिवाय ‘मी कुचकामी आहे’ असं वाटणं हे नैराश्याच्या निदानातलंच एक लक्षण. आत्मसन्मान मोजणाऱ्या रोझेनबर्गच्या १९६५ च्या दहा वाक्यांच्या प्रश्नावलीतही जवळपास तेच विचारतात. एकच गोष्ट दोनदा मोजायची आणि एकीला कारण, दुसरीला परिणाम म्हणायचं?

कडूकारले: @रात्रपाळी, सुरुवातीला असलेलं नैराश्य हिशेबात धरूनच ०.१६ उरतो. वय, लिंग, प्रश्नावली बदलली तरी निष्कर्ष फारसा हलत नाही. लहान आहे, कबूल. पण नैराश्याला एकच एक मोठं कारण असतं असं तुम्हाला वाटतं का?

सरळरेषा: दोघंही माणसाच्या डोक्यातच अडकलात. ब्राउन आणि हॅरिस या संशोधकांनी लंडनच्या कॅम्बरवेलमधल्या बायकांचा अभ्यास केला, पुस्तक १९७८ चं. मन मोकळं करावं असं जवळचं माणूस नाही, घरात तीन किंवा जास्त लहान मुलं, बाहेर नोकरी नाही, वयाच्या अकरा वर्षांच्या आत आई गेलेली. यांतलं काही वाट्याला आलेल्या बाईवर मोठं संकट कोसळलं, की नैराश्याचा धोका वाढायचा. अशा परिस्थितीत आत्मसन्मान खचतो आणि संकट जास्त लागतं, असं त्यांचं म्हणणं. अशा बाईला आरशासमोर उभं राहून ‘मी छान आहे’ म्हणायला सांगणं ही थट्टा झाली.

कडूकारले: पण यात आत्मसन्मान मधला दुवा ठरतोच की! माझंच म्हणणं झालं.

सरळरेषा: दुवा आहे, पण उपाय तिथे करून भागत नाही. २००९ च्या एका प्रयोगात लोकांना ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ हे वाक्य घोकायला लावलं. आत्मसन्मान कमी असलेल्यांना त्यानंतर उलट जास्तच वाईट वाटलं.

रात्रपाळी: आणि शाळेत तो जपायचा म्हणजे काय, ऊठसूट शाबासकी? सगळा आत्मसन्मान गुणांवर टांगलेला मुलगा पहिला येतो तोवर ठीक. एकदा घसरला की? अशा मुलाचा आज भरलेल्या प्रश्नावलीतला आकडा उत्तमच येईल.

कडूकारले: शाबासकीचं मी कुठे म्हटलं? मूल चुकलं की ‘हे गणित चुकलं’ म्हणावं, ‘तू ढच आहेस’ म्हणू नये, इतकंच मागतोय. त्याला तरी विरोध आहे का?

रात्रपाळी: त्याला नाही. पण त्याने नैराश्य टळतं हे अजून दाखवायचंय तुम्हाला.