मदत हवी आहे: व्हेगन सॉस आणि थाई करी पेस्ट

भाची व्हेगन झालीये (मांस-मासे, अंडी, दूध, मध काहीच नाही), रविवारी जेवायला येतेय. तिच्यासाठी थाई करी करायचीये, पण पेस्टच्या बाटलीमागे बघितलं तर सुकी कोळंबी, वूस्टरशायर सॉसमध्ये अँकोव्ही (छोटे मासे), आणि एगलेस मेयोत दुधाची पावडर! हिरवा ठिपका बघून घेऊ म्हटलं तर त्यात दूध-मध चालतं, म्हणजे तोही कामाचा नाही. व्हेगनचा हिरवा व्ही असलेलं दादरच्या दोन दुकानांत शोधलं, फक्त सोया सॉस मिळाला. फिश सॉसऐवजी तोच मीठ-लिंबू घालून टाकला, पण ती चव काही येत नाही. मश्रूम चालतं, शेंगदाणे नकोत (अ‍ॅलर्जी). घरी पेस्ट वाटायला वेळ नाही. क्रॉफर्ड मार्केट किंवा दादर-अंधेरी पट्ट्यात तीनशेच्या आत व्हेगन फिश सॉस आणि करी पेस्ट कुठल्या ब्रँडची, कुठे मिळेल?