‘चंद्रावर परत जाणार’ मधला ‘परत’ कोणता?

अमळनेरकर:
काल घरात मोठ्याने वाचत होतो, ‘माणूस चंद्रावर परत जाणार’. आजी दादर ज्वारी निवडत बसलेली, तिने सूप खाली ठेवलं न म्हणे, “परत? मंग तठे त्यासनं घर शे का?” हसलो खरा पण तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आलेली लेक सासरी परत जाते, आपण बाजारातून परत येतो, म्हणजे मूळ ठिकाण असलं की परत. इथे ‘पुन्हा’ पाहिजे ना?

धुळ्याची ताई:
भाऊ, परतचे दोन्ही अर्थ आहेत, माघारी आणि पुन्हा. ‘परत सांग’ म्हणतोच की आपण. पण पुढे जाणे, येणे, देणे असलं की माघारीचाच अर्थ आधी डोक्यात येतो, आजीचं काही चुकलं नाही.

रावेरवाला:
आमच्याकडे लोक सरळ ‘वापस’ म्हणता, ते असो. पण पुन्हा तरी कोण जातंय? आजवर उतरले बारा जण, शेवटचे सर्नन आणि श्मिट, डिसेंबर १९७२, नासाची अपोलो १७ मोहीम. आता जाणारे वेगळेच. ‘माणूस’ म्हणजे अख्खी मानवजात धरली म्हणून वाक्य चालून जातं, तिथे ‘अंतराळवीर’ टाकून बघा, लगेच खटकतं.

धुळ्याची ताई:
मला तर ‘चंद्रावर’ जास्त खटकतं. नासाच्या आर्टेमिस २ या चांद्रमोहिमेची आखणीच अशी की चौघांनी चंद्राच्या मागून फिरून यायचं, उतरायचं नाहीच. मग ‘चंद्रावर’ कसं, ‘चंद्राकडे’ म्हणा. आणि काहीजण त्याला प्रदक्षिणा म्हणतात तेही नको, प्रदक्षिणा अपोलो ८ ने घातली, १९६८ मध्ये, चंद्राभोवती दहा फेऱ्या मारून. हा नुसता वळसा. बांधापाशी औत वळवतो ना तसा, फक्त इथे कासरा ओढतं चंद्राचं गुरुत्वाकर्षण, वाट अशी आखलेली असते की मोठं इंजिन पेटवलं नाही तरी यान पृथ्वीकडे वळतं. तिथला ‘परत’ मात्र शंभर टक्के माघारीचा 😄

अमळनेरकर:
वळसा झकास! मी वहीत ‘माणूस पुन्हा चंद्राकडे’ असं लिहून ठेवलं. आजीला औताचं उदाहरण लगेच पटलं, वर म्हणते, “इतलं दूर जाईसन उतरतस नही?”