बालवाडीच्या वेळापत्रकात ‘खोट्या-खोट्या’ खेळाला रोज जागा हवी का?

चिंचोका (धागा सुरू करताना) :

गेली चौदा वर्षे मी तीन ते सहा वयोगटातील मुलांना शिकवते आहे आणि दर डिसेंबरात सहकाऱ्यांशी माझा एकच वाद होतो. त्या महिन्यात शिशुवर्गाचे वेळापत्रक स्नेहसंमेलनाच्या स्वाधीन होते. चार वर्षांच्या मुलाला पुठ्ठ्याचा टोमॅटो घालून उभे केले जाते, ध्वनिमुद्रित आवाजावर ते ओठ हलवते, विंगेतून बाई हातवारे करून दाखवतात आणि समोर पालकांचे मोबाइल उंचावलेले असतात. यालाच आपण बालवर्गातील नाट्य म्हणतो. मुले स्वतःहून जे नाट्य रोज करतात, म्हणजे भातुकली, दुकान-दुकान, डॉक्टर-डॉक्टर, शाळा-शाळा, त्याला मात्र ‘मुक्त खेळ’ या नावाखाली उरलासुरला वेळ मिळतो, आणि दुसरे काही काम निघाले की आधी तोच कापला जातो.

मागच्या आठवड्यात आमच्या वर्गात भाजीबाजार भरला होता. कपड्यांच्या हँगरला दोन करवंट्या बांधून तराजू केला होता, वांगी म्हणून लाकडी ठोकळे होते आणि पैसे म्हणून चिंचोके. साडेचार वर्षांच्या विक्रेतीने पाच वांग्यांचा वाटा लावून ‘पाचला वाटा’ असा भाव सांगितला. गिऱ्हाइकाने तीनच चिंचोके पुढे केले. तिने ते मोजले, ‘अजून दोन’ म्हणाली. त्याने रिकामी मूठ उघडून दाखवली. क्षणभर थांबून तिने वाट्यातली दोन वांगी परत घेतली आणि ‘मग एवढीच न्या, दादा’ म्हणत उरलेली त्याच्या पिशवीत टाकली. मी बाजूला बसून फक्त पाहत होते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ हे वय पायाभूत टप्पा मानले आणि २०२२ च्या त्या टप्प्याच्या अभ्यासक्रम आराखड्याने खेळाला शिकण्याच्या मध्यभागी ठेवले. कागदावर एवढे झाले असताना माझी मागणी लहानशी आहे : रोज अखंड चाळीस मिनिटे अशा खेळाला द्यावीत, आणि सहा वर्षांखालील मुलांना पाठ केलेले संवाद देऊन मंचावर उभे करणे थांबवावे.

पाटीपेन्सिल :

स्नेहसंमेलनाबद्दल आपण लिहिले आहे ते मला पूर्ण मान्य आहे. रोजच्या चाळीस मिनिटांबद्दल मात्र माझा ठाम विरोध आहे, आणि तो मॉन्टेसरी पद्धतीने बालघर चालवल्याच्या अनुभवातून आलेला आहे.

१९०७ साली रोममधील सान लोरेंझो या गरीब वस्तीत मारिया मॉन्टेसरी यांनी पहिले बालगृह उघडले, तेव्हा तेथे खेळणीही ठेवलेली होती. मुले ती बाजूला सारून हात धुणे, जेवणाची पाने मांडणे, खाचांत लाकडी दट्टे बसवायच्या ठोकळ्यांवर काम करणे यांकडे वळली. लहान मुलाला खोटा स्वयंपाक हवा असतो, कारण खऱ्या स्वयंपाकघरातून त्याला आपण हाकलून देतो. आमच्याकडे चार वर्षांची मुले बोथट सुरीने खरी काकडी चिरतात, मीठ लावतात आणि एकमेकांना वाढतात. ते करताना भातुकली मांडा असे एकही मूल म्हणत नाही.

संशोधनाचे म्हणाल, तर व्हर्जिनिया विद्यापीठातील अँजेलिन लिलार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये तोवरच्या अभ्यासांचा मोठा आढावा घेतला आणि असे दाखवून दिले की, कल्पित खेळामुळेच मुलाचा विकास होतो, असा ठाम कार्यकारणसंबंध उपलब्ध पुराव्यांतून निघत नाही. (लिलार्ड स्वतः मॉन्टेसरी पद्धतीच्या अभ्यासक आहेत, हे मीच सांगून टाकतो, म्हणजे ते दुसऱ्या कोणाला शोधून काढावे लागणार नाही.) तीन ते सहा वर्षांच्या मुलांना एखादी गोष्ट खरी करायला आवडेल की खोटी-खोटी, असे विचारणारा त्यांच्या गटाचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला, त्यात बहुतेक मुलांनी खरीच निवडली.

आता आपल्या बाजाराकडे पाहू. त्या मुलीला हिशेब शिकवला तो सोंगाने की चिंचोक्यांनी? माझ्या मते चिंचोक्यांनी. मग खरी नाणी द्या आणि कोपऱ्यावरच्या दुकानात खरी कोथिंबीर आणायला न्या.

दोनाचेचार :

मी पालक म्हणून लिहितो. भातुकली आमच्या पिढीने अंगणात फुकट खेळली. शिशुवर्गाला वर्षाकाठी एवढे शुल्क भरून तेच पदरात पडणार असेल, तर मुलगी पहिलीत गेल्यावर वाचनात मागे पडली तर त्याची जबाबदारी कोण घेणार?

चिंचोका :

@दोनाचेचार, अंगणात पंधरा मुले होती आणि त्यांत वयाने मोठीही होती. तुमच्या मुलीच्या फ्लॅटमध्ये ती कोठून येणार? वाचनाविषयी एवढेच सांगते की, आमच्या बाजारातील पाट्या मुले स्वतः लिहितात. परवाची ‘वागी’ अशी, अनुस्वार हरवलेली पाटी अजून तशीच टांगलेली आहे, आणि ती आम्ही दुरुस्त करणार नाही.

@पाटीपेन्सिल, काकडीचा मुद्दा मी मान्य करते आणि उद्यापासून आमच्याकडेही खरी काकडी येईल. पण २०१८ च्या ज्या अभ्यासाचा आपण आधार घेतला, त्याची उरलेली बाजू आपण सांगितली नाही. ज्या मुलांनी खोटे-खोटे निवडले, त्यांनी दिलेल्या कारणांत खऱ्याची भीती वाटते किंवा ते आपल्याला जमणार नाही, अशी कारणे होती. माझे सगळे म्हणणे तेथेच आहे. खऱ्या दुकानात साडेचार वर्षांची मुलगी गिऱ्हाईक होईल, तेही आईचा हात धरून. ती विक्रेती कधीच होणार नाही. कमी पैसे घेऊन आलेल्या माणसाशी कसे वागायचे, हा प्रश्न तिच्यापुढे फक्त सोंगातच येतो. चिंचोक्यांनी तिला पाच आणि तीन यांतला फरक दाखवला असेल. ‘मग एवढीच न्या, दादा’ हे वाक्य चिंचोक्यांनी शिकवले नाही.

रशियन मानसशास्त्रज्ञ व्हिगॉट्स्की यांनी १९३३ च्या आपल्या व्याख्यानात दोन सख्ख्या बहिणींचे उदाहरण दिले आहे. एक पाच वर्षांची, दुसरी सात वर्षांची. त्या ‘बहिणी-बहिणी’ खेळायचे ठरवतात. एरवी बहीण म्हणून त्या कशा वागतात याचा विचारही करत नाहीत, पण खेळात शिरताच दोघी सारखे कपडे घालतात, हातात हात घालून चालतात, कारण आता बहीण असण्याचे नियम पाळायचे असतात. मुले खेळात मोकाट सुटतात असे ज्यांना वाटते, त्यांनी शाळा-शाळा खेळणाऱ्या मुलांतली ‘बाई’ किती कडक असते ते एकदा पाहावे. मला स्वतःला त्या आरशात पाहून दोनदा शरमल्यासारखे झाले आहे.

आणखी एक. मॉन्टेसरीचे बोट धरूनच आपल्याकडे बालशिक्षण आले, हे खरे आहे. पण गुजरातेत भावनगरच्या बालमंदिरात शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांनी मॉन्टेसरीच्या साधनांच्या शेजारी गोष्ट, गाणे आणि नाट्य यांनाही आणून बसवले. महाराष्ट्रात बालशिक्षणाचे काम उभे करणाऱ्या ताराबाई मोडक त्याच मुशीतून घडल्या.

ओसरी :

ताराबाईंचे नाव निघाले म्हणून लिहिते. मी अंगणवाडी सेविका आहे. मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत, तर बालवाडीच त्यांच्या पाड्यावरच्या अंगणात न्यावी, हे त्यांनी १९४५ नंतर बोर्डीला करून दाखवले, आणि त्यांनी व अनुताई वाघ यांनी पुढे कोसबाडला ते काम चालवले. आमच्या अंगणवाड्या ज्या योजनेतून चालतात, ती एकात्मिक बालविकास सेवा योजना १९७५ साली सुरू झाली. आज त्या अंगणाची माझ्या वाट्याला आलेली खोली अशी आहे : एक दार, एका कोपऱ्यात आहाराच्या धान्याची पोती, चोवीस मुले, मी आणि मदतनीस. त्यातच वजने, नोंदी आणि मोबाइलवर भरायची माहिती. अखंड चाळीस मिनिटे हा शब्द वाचून मला हसू आले, राग मानू नये.

पण माझी खरी अडचण जागेची नाही. मध्यंतरी घर-घर खेळताना एका मुलाने ‘बाबा’ होऊन ताटली भिंतीवर फेकली आणि ‘आई’ झालेल्या मुलीला जे शब्द वापरले, ते येथे लिहिता येणार नाहीत. बाकीची मुले गप्प झाली. मी ओरडून खेळ बंद केला आणि सगळ्यांना गाणे म्हणायला बसवले. त्या दिवसापासून ते मूल माझ्याजवळ यायचे टाळते. खेळात घर असे उघडे पडते, तेव्हा सेविकेने काय करायचे, हे आम्हांला कोणत्याही प्रशिक्षणात कोणी सांगितले नाही.

पाटीपेन्सिल :

माझ्या विरोधाचे हेही एक कारण होते, मी ते लिहिले नव्हते. काकडी चिरताना असे काही बाहेर येत नाही.

चिंचोका :

बाहेर येत नाही म्हणून ते मुलाच्या आत नसते, असे मला वाटत नाही.

ओसरीताई, तुम्ही घाबरून खेळ थांबवलात, तसा पहिल्या वेळी मीही थांबवला होता. आता मी थांबवत नाही, त्या खेळात शेजारीण होऊन शिरते. दार वाजवते, ‘काय हो, कसला आवाज झाला?’ असे विचारते आणि ‘आई’ला माझ्या घरी चहाला नेते. मुलाला त्या वेळी काहीही समजावत नाही. नंतर तीच ताटली दोघे मिळून उचलतो. ते दृश्य पुन्हा पुन्हा येऊ लागले, तर मात्र ते खेळाच्या पलीकडचे असते आणि पर्यवेक्षिकेशी बोलावेच लागते. तेथे नाट्यावर भिस्त ठेवू नये.

चाळीस मिनिटांचा आग्रह मी तुमच्यापुरता मागे घेते. पोत्यांच्या कोपऱ्यात खेळाला आडोसा म्हणून एक जुनी साडी बांधता येईल का?

ओसरी :

साडी आहे. दोरीला खिळा हवा, भिंत पत्र्याची आहे. मदतनीसताई म्हणतात, खिडकीच्या गजाला बांधू. सोमवारी आहार वाटून झाल्यावर वीस मिनिटे करून पाहते, आणि त्या मुलाला आधी दुकानदार होतोस का विचारते.