यॅमल फाडफाड येतं, लिनक्स येत नाही. पोरांना काय शिकवू?

हिंजवडीकर:
टीममध्ये दोन फ्रेशर आलेत. कुबरनेटीसचं (कंटेनर, म्हणजे प्रोग्रामचे बंद डबे, चालवणारी यंत्रणा) यॅमल (तिच्या सेटिंगच्या फाइली), पाइपलाइन (कोड आपोआप सर्व्हरवर चढवणारी साखळी), सगळं झटपट करतात. परवा जावाची एक सर्व्हिस सारखी रीस्टार्ट होत होती, एक्झिट कोड (प्रोग्राम बंद पडताना देतो तो आकडा) १३७. मेमरी लिमिट वाढवलं, पडली. आणखी वाढवलं, परत पडली. १३७ म्हणजे काय विचारलं तर दोघंही गप्प. आम्ही सर्व्हरवर हाताने सगळं करायचो म्हणून हे अंगात मुरलं. आता मुद्दाम शिकवायचं, की हा आपला म्हाताऱ्यांचा हट्ट?

जुनं_खोड:
१२८ अधिक ९. १२८ च्या वरचा आकडा म्हणजे सिग्नलचा नंबर. नऊ म्हणजे सिगकिल, जबरदस्तीने बंद करण्याचा सिग्नल, म्हणजे प्रोसेस मेली नाही, मारली. अशा वेळी मारेकरी बहुतेकदा कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) ओओएम किलर असतो, मेमरी संपली की प्रोसेस मारणारा. जावा कुठलं आहे ते आधी बघा. ८यू१९१ (जावा ८, अपडेट १९१) च्या आधीचं असेल तर त्याला कंटेनरचं लिमिट धड कळत नाही. ते अख्ख्या नोडची (मशीनची) रॅम बघतं आणि तिच्या पाव हिश्श्यापर्यंत हीप, म्हणजे जावाच्या डेटाची मेमरी, वाढू देतं. ६४ जीबीचा नोड असेल तर १६ जीबी! तुमचं लिमिट २ जीबीवरून ४ केलंत तर फक्त मरण लांबतं. जावा नवं असेल तर हीपबाहेरची मेमरी तपासा. थ्रेडचे स्टॅकसुद्धा (प्रत्येक थ्रेडची स्वतःची मेमरी) त्याच लिमिटमधून जातात.

पण हाताने करायच्या दिवसांचे गोडवे मी गाणार नाही. २०१२ साली अमेरिकेत नाईट कॅपिटल या शेअर ट्रेडिंग कंपनीने नवा कोड आठ सर्व्हरवर हाताने चढवला, एक राहून गेला. पाऊण तासात ४० कोटी डॉलरहून जास्त बुडाले. पाइपलाइन असती तर आठवा सर्व्हर विसरला नसता. तेव्हा हातकाम परत आणू नका. पोरांना लॅपटॉपवर २५६ एमबीच्या कंटेनरमध्ये मुद्दाम मेमरी खाणारा प्रोग्राम चालवू द्या. सीग्रुपमधली (कर्नल जिथे कंटेनरला लिमिट लावतं) लिमिटची फाइल स्वतः उघडू दे, डीमेसेगमध्ये (कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड) कर्नलने काय लिहिलंय ते वाचू दे. एका दुपारचं काम आहे. लेक्चर मात्र देऊ नका, झोपतात.

पॉडवाली:
फ्रेशरच्या बाजूने बोलते. आम्हाला प्रॉडक्शनवर (खऱ्या, चालू सर्व्हरवर) कमांड द्यायला शेलच मिळत नाही. सिक्युरिटी म्हणून ठीक आहे, पण मग शिकायचं कुठे? इंटरव्ह्यूला यॅमलच विचारता, सिग्नल कोणी विचारला नाही. आणि खरं सांगू का दादा, रात्री तीनला लिमिट वाढवून सर्व्हिस उभी राहिली की तुम्हीच 'शाब्बास' म्हणता.

हिंजवडीकर:
@पॉडवाली, मान्य. शाब्बास म्हणालो होतो.
@जुनं_खोड, ८यू१५१ निघालं. आता गंमत ऐका: बेस इमेज (जावासकट तयार साचा, ज्यावर आमचा कंटेनर बनतो) प्लॅटफॉर्म टीमची, अख्ख्या कंपनीला तीच एक. आमच्या हातात फक्त एक्सएमएक्स (हीपची कमाल मर्यादा ठरवायचं सेटिंग), ते दिलं आणि आता सर्व्हिस पडत नाही. इमेज बदलायचं तिकीट (प्लॅटफॉर्म टीमकडे विनंती) दोन फ्रेशरांतल्या एका पोरीनेच लिहिलं, कारणासकट. तिकडून उलट प्रश्न आला, 'बाकीच्या टीमना त्रास नाही, तुम्हालाच का?' आता ती बाकीच्या टीमचे १३७ शोधत बसली आहे.