केस धुण्याचं घरगुती द्रावण, आणि नळीतलं ते काळं काय?

पेनसिल्व्हेनियाकाकू:
मंडळी, दोन शब्दांवर अडलेय. निवृत्तीनंतर आमच्या ह्यांना काळ्या दारूच्या रायफलीचं वेड लागलंय. इथल्या अमेरिकन सैन्याने १८७३ साली घेतलेलं ‘पंचेचाळीस-सत्तर’ काडतूस, म्हणजे ०.४५ इंचाची गोळी आणि ७० ग्रेन (वजनाचं जुनं माप) दारू. शनिवारी मैदानावर धूर काढायचा आणि रविवारी माझ्या सिंकमध्ये सगळं धुवत बसायचं. यावर इथल्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी गमतीचा लेख लिहिला. त्यात वाक्य होतं, ‘केस धुण्यासाठी घरगुती द्रावण: गरम पाणी, थोडं व्हिनेगर, चमचाभर मीठ, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब.’ संपादकांचं उत्तर आलं, ‘ताई, सौंदर्य विभागात टाकतोय. केसांवर किती वेळ ठेवायचं तेही लिहा.’
तर १) काडतुसाच्या पितळी केसला, म्हणजे दारू आणि गोळी धरणाऱ्या कवचाला, काय म्हणावं? २) बार उडाल्यावर नळीत जे काळं साचतं, फाउलिंग, त्याला काय म्हणावं? दुसरा शब्द जास्त महत्त्वाचा, लेखाचा जीव त्यात आहे. सोमवारी लेख द्यायचाय.

जुना खिळा:
१) पुंगळी. ‘घटनास्थळी तीन रिकाम्या पुंगळ्या सापडल्या.’ मराठी पेपर वाचत नाही वाटतं? पुढचा प्रश्न.

शुद्धमती:
पुंगळी कागदाची असते. धातूच्या वस्तूला ‘काडतूसकोष’ म्हणावं, म्हणजे अर्थ नेमका राहतो. गुन्हेवार्ताहरांची मराठी प्रमाण मानायची वेळ आलीय का?

जुना खिळा:
‘काडतूस’ चालतं, पुंगळी नाही! अहो, काडतूसच मुळात कागदाची पुंगळी. पोर्तुगीज ‘कार्तुशु’ घ्या नाहीतर फ्रेंच ‘कार्तूश’, दोघांचं मूळ इटालियनमध्ये आणि त्याच्याही मागे ‘कार्ता’, म्हणजे कागद. १८५७ साली ज्यावरून रान पेटलं ते एनफिल्डचं काडतूसही चरबी लावलेला कागदच होता, दाताने फाडायचं. पितळ नंतर आलं. पुंगळी पितळेची झाली तरी पुंगळीच.

दुपारची झोप:
पोर्तुगीज की फ्रेंच, एक काय ते ठरवा. माझ्या मते आपल्याकडे दोन्ही वाटांनी आला असावा. पिस्तूल, तंबाखू, बिजागरी यांच्या रांगेत बसवायचा मोह होतो खरा.

कुडाळचो खाजो:
पुंगळीचं तुम्ही बघा, मी नळीवर बोलतो. आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. रानडुकरासाठी. एक बार काढला तरी रात्री आंघोळीच्या बंबातलं कढत पाणी नळीत ओतायचे, गजाला चिंधी गुंडाळून वरखाली. पहिलं पाणी शाईसारखं निघायचं आणि नासक्या अंड्यासारखा वास मारायचा, आजी नाक धरून मागच्या दाराने बाहेर. पाणी स्वच्छ येईपर्यंत हेच. मग नळी चुलीजवळ सुकवून आतून खोबरेल. साबण नाही, काही नाही. त्या काळ्याला आजोबा ‘मस’ म्हणायचे. चुलीवरच्या टोपाच्या बुडाला असते तीच मस.

शुद्धमती:
मस! संस्कृत मषी, म्हणजे शाई. आणि पाणीही शाईसारखं निघायचं म्हणता. हा शब्द मला मान्य आहे.

प्रयोगशाळा:
मला नाही. मस, काजळी हे नुसत्या कार्बनचे शब्द, आणि काजळी पाण्याने धड निघत नाही. काळ्या दारूतला शोरा, गंधक, कोळसा जळून जे उरतं ते मुख्यतः पोटॅशियमचे क्षार: कार्बोनेट, सल्फेट, सल्फाइड. नासक्या अंड्याचा वास सल्फाइडचा. दारूच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग असा घनरूपात उरतो, काही धुरात जातो, काही नळीला चिकटतो. क्षार पाण्यात विरघळतात म्हणून खाजोंच्या आजोबांचं कढत पाणी हे सगळ्यात उत्तम द्रावण. बाकी साबण, स्पिरिट, तेल ही वरची फोडणी. नुसतं तेल लावून ठेवलं तर मात्र खाली क्षार ओल धरतात आणि सकाळी नळी तांबडी.

कुडाळचो खाजो:
बरोबर! एकदा काकाने आळस करून नुसतं तेल लावलं. दुसऱ्या दिवशी नळीला पाणी सुटलेलं, पावसाळ्यात मिठाच्या बरणीला सुटतं तसं. आजोबांनी काकाला जे सुनावलं ते शब्दचर्चेत बसणार नाही.

मोगरीण:
मग ‘लोणा’ का नको? भिंतीला लोणा लागतो तोही क्षारच, ओल धरणारा. नळीला लोणा लागला. मला तर फार गोड वाटतंय.

जुना खिळा:
लोणा पांढरा असतो हो.

मोगरीण:
मग काळा लोणा. काळं मीठ चालतं ना तुम्हाला?

दुपारची झोप:
‘कीट’ कोणीच सुचवलं नाही? तुपाच्या भांड्याला, दिव्याला कीट चढतं. आयुर्वेदात मंडूर म्हणजे लोहकिट्टच. थरावर थर, खरवडून काढायचं. आणि ‘राप’सुद्धा आहे.

प्रयोगशाळा:
कीट बरं आहे, पण तुपाचं कीट ओशट. हे ओशट नसतं. पहिल्या बारानंतर कोरडं-खरखरीत, दमट हवेत चिकट.

पेनसिल्व्हेनियाकाकू:
वा, कीट आणि मस यांच्यात जीव अडकला. आणखी एक. ह्यांच्या गटात नळी पुसायला पाण्यात विरघळणारं तेल एक भाग आणि पाणी सात-आठ भाग असं दुधाळ मिश्रण करतात, त्याला ‘मूस मिल्क’ म्हणतात, मूस म्हणजे इथलं थोरलं हरीण. मी ‘मुशीचं दूध’ लिहिलंय.

जुना खिळा:
काकू, मूस म्हणजे सोनाराची. सोनं वितळवायची. सोनाराच्या मुशीत दूध ओतलंत!

मोगरीण:
आमच्याकडे मुशी म्हणजे छोटा शार्क. बाळंतिणीला देतात, दूध यायला. त्यामुळे मला वाक्य बरोबरच वाटलं.

शुद्धमती:
थोडं गांभीर्य ठेवा. पुंगळ्यांवरचा हिरवा-काळा डाग, त्याला मराठीत सुंदर क्रियापद आहे: पितळ कळकतं.

दुपारची झोप:
पितळ कळकत नाही. बिनकल्हईच्या पितळेत ठेवलेलं ताक कळकतं. भांडं जागेवर असतं, बिघडतो तो पदार्थ.

शुद्धमती:
आमच्या घरी ‘भांडं कळकलं’ असंच म्हणत.

दुपारची झोप:
मग तुमच्या घरी चुकीचं म्हणत. (कालपर्यंत वापरापेक्षा नेमकेपणा मोठा होता ना?)

वऱ्हाडी ठेचा:
डाग कायले, सरळ ‘गंज’ लिहा.

शुद्धमती:
गंज लोखंडाला. पितळेवर जंगाल.

वऱ्हाडी ठेचा:
आमच्याकडे गंज म्हणजे पातेलं. पुंगळ्या गंजात टाकून उकळा म्हणत होतो मी. 😀

प्रयोगशाळा:
शब्द कोणताही घ्या, पण लेखात एक ओळ नक्की टाका: पुंगळ्यांना अमोनियावालं पॉलिश लावू नका. याची कथा आपल्याच देशातली आहे. ब्रिटिश सैन्य पावसाळ्यात मोहिमा थांबवून काडतुसं तबेल्यात ठेवायचं. पाऊस सरल्यावर बघावं तर पितळ तडकलेलं, विशेषतः तोंडाशी, जिथे गोळी आवळून बसवतात तिथे. १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी उलगडा केला: घोड्यांच्या मुतातला अमोनिया, आणि न तापवता ओढून घडवताना पितळेत राहिलेला ताण. या तड्यांचं इंग्रजी नाव ‘सीझन क्रॅकिंग’. सीझन म्हणजे आपला पावसाळा, असं म्हणतात. याला मराठी शब्द नसावा हे लाजिरवाणं आहे.
व्हिनेगरही पाच-दहा मिनिटंच. जास्त ठेवलं तर जस्त निघून जातं आणि पितळ तांबूस पडतं. चिंचेत रात्रभर विसरलेला तांब्या आठवा.

शुद्धमती:
‘मोसमी तडा’!

जुना खिळा:
मोसम अरबी. मौसिम. त्याचंच पोर्तुगिजांनी ‘मोन्साँव’ केलं आणि इंग्रजांनी मान्सून. काडतूसवाले पाहुणेच परत आले, या, बसा.

मोगरीण:
‘पावसाळी तडक’. ‘तबेलातडा’. ‘मुतखडा’ आधीच घेतलाय कुणीतरी.

कुडाळचो खाजो:
पावसाळी तडकेला माझं मत. आमच्या पडवीतल्या पितळी घंटेला बारीक चीर आहे, बाजूला गोठा होता. आता कळतंय.

प्रयोगशाळा:
घंटा बहुधा काशाची असेल. काशाचं वेगळं.

कुडाळचो खाजो:
पितळेची. आजोबांनी स्वतः आणलेली.

दुपारची झोप:
कासं की कांस्य की काँसे, यावर वेगळा धागा हवा.

पेनसिल्व्हेनियाकाकू:
मंडळी, सोमवार झाला. ‘पुंगळ्या’ लिहून पाठवलं, तेवढ्यापुरते खिळेभाऊंचे आभार. फाउलिंगचं काही ठरेना, म्हणून ह्यांना विचारलं, तुम्ही मनात काय म्हणता? म्हणाले, ‘घाण’. संपादकांनी ते खोडून ‘अशुद्धी’ केलंय.

शुद्धमती:
संपादक जाणकार दिसतात.

जुना खिळा:
काकू, संपादकांचा ईमेल द्या.