एमएक्स-५ ची मागची प्लास्टिकची खिडकी धुरकट झालीय

रेडिंगचा_बंड्या
गाडी १९९२ ची माझदा एमएक्स-५, इकडे इंग्लंडात. टप कापडी, मागची खिडकी प्लास्टिकची. आरशात मागे गाडी आहे एवढं कळतं, तिचा रंग विचारू नका. रविवारी घरातला काच पुसायचा स्प्रे मारून कोरड्या फडक्याने जोर लावून घासली, तर जास्तच पांढुरकी झाली. आई म्हणते टूथपेस्ट लाव. लावू का?

जीपवाले_काका
बंड्या, ते फडकं आधी फेकून दे. माझ्या जीपच्या हूडची बाजूची प्लास्टिकं मी अशीच घालवली. वर धूळ बसलेली असते, कोरडं पुसलं की ती पॉलिश पेपरचं काम करते. आणि अमोनियावाला स्प्रे या प्लास्टिकला चालत नाही.

आधी भरपूर पाणी सोड. मग बादलीत चमचाभर कार शाम्पू, आणि फडकं नको, हाताच्या तळव्यानेच धू. कच लागला तर हाताला लगेच कळतो. नीट सुकू दे. मग प्लास्टिकचं पॉलिश घे. नोव्हसचं २ नंबर बारीक चरे काढतं, ३ नंबर खोल चऱ्यांना. ३ वापरलंस तर त्यावर २ फिरवावंच लागतं, नाहीतर धुकं तसंच. मायक्रोफायबरवर रुपयाएवढं घे, वीतभर जागा धर, ती झाल्यावर पुढे सरक. आतूनही करायचं, अर्धा धुरकटपणा आतल्या बाजूलाच असतो. मशीन लावू नकोस, गरम होऊन प्लास्टिक लाटेसारखं होतं.

टूथपेस्टने माझ्या घड्याळाची काच उजळली होती, पण खिडकीएवढ्या जागेला ठिगळं ठिगळं दिसतात. शिवाय शिवणीत पांढरं बसतं ते वेगळंच.

झिपवाली
काकांचं बरोबर, फक्त एक राहिलं. या मॉडेलची खिडकी झिपने सुटते. झिप उघडून मागे टॉवेलवर सपाट पसरा आणि मग घासा. लोंबत्या प्लास्टिकवर दाब बसत नाही. टप खाली करतानाही आधी झिप उघडायची, नाहीतर मधोमध घडी पडते. थंडीत तर हातच लावू नका, कडक झालेलं प्लास्टिक घडीवर तडकतं. माझं तडकलं, जानेवारीत, सकाळी आठला, ऑफिसच्या घाईत. शिवाय रंग चहासारखा पिवळा झाला असेल तर पॉलिशवर पैसे घालू नका. ते ऊन आतपर्यंत मुरलेलं असतं, नवीन प्लास्टिक शिवून घ्यावं लागतं.

रेडिंगचा_बंड्या
केलं. दोन्ही बाजू मिळून अडीच तास, खांदा गेला. पहिल्या फडक्यावर आलेला मळ बघून बायको म्हणाली, हे फडकं परत घरात आणू नकोस. आता मागच्या गाडीची नंबरप्लेट वाचता येते. जुन्या घडीची आडवी रेघ मात्र हटत नाही, काका?

जीपवाले_काका
ती नाही जायची. घासत बसलास तर तिथेच पातळ होऊन भोक पडेल.